बायबलचा नित्य अभ्यास

रोज ठरावीक वेळी पवित्र शास्त्राचा थोडा भाग वाचून त्यावर मनन व प्रार्थना करण्याची ख्रिस्ती साधना. मराठी मंडळ्यांत (चर्चच्या समुदायांत) तिला ‘वचन वाचणे’ किंवा ‘शांत समय’ म्हणतात. सगळे घर एकत्र बसले की तीच ‘कौटुंबिक उपासना’. तिची मुळे शास्त्रातच आहेत. येशू पहाटे अंधारात उठून एकांतात प्रार्थनेला जात असे (मार्क १:३५). बिरुया गावचे लोक प्रेषित पौलाचे बोलणे ऐकून थांबले नाहीत, ते खरे आहे का हे रोज शास्त्रात शोधत राहिले (प्रेषितांची कृत्ये १७:११). अभ्यास म्हणजे हे शोधणे. नुसती पाने उलटून तो होत नाही.

मराठी नवा करार (बायबलचा दुसरा भाग) मिशनरी विल्यम केरी यांच्या श्रीरामपूर (बंगाल) येथील छापखान्यातून १८११ मध्ये बाहेर पडला. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये आले. शहरातले वायल्डर मेमोरियल चर्च त्यांचे नाव चालवते. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला आणि पुढे विद्यार्थ्यांच्या मिशनरी चळवळीचा अग्रणी झाला.

रोजच्या वाचनाची खरी अडचण वेळेची. कोल्हापूरच्या खेड्यांत पहाट धारेची असते, थंडीचे महिने ऊसतोडीचे आणि एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांची वेळ शिफ्टप्रमाणे दर आठवड्याला बदलते. त्यामुळे घड्याळाला बांधलेला नेम इथे मोडतो. कामाला बांधलेला टिकतो. संध्याकाळचे दूध डेअरीला घालून आले, किटली धुऊन पालथी घातली, की फडक्यात गुंडाळलेले शास्त्र खाली येते. “आजी, काल कुठवर आलो?” नातू विचारतो. आजीला अक्षरओळख नाही, पण त्याने वचन सुरू केले की पुढचे अर्धे तीच म्हणते. नव्या बाळकांप्रमाणे वचनरूपी दुधाची ओढ धरा, म्हणजे वाढाल, हे पेत्राचे सांगणे (१ पेत्र २:२) अशा घरात समजावून द्यावे लागत नाही.

प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके व १,१८९ अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच अध्याय वाचले तर वर्षात ते पूर्ण होते. नवख्याने मात्र हा वेग धरू नये. नियमांनी भरलेल्या लेवीय पुस्तकापाशी पुष्कळांचा नेम सुटतो. नवख्याने सोळा अध्यायांच्या मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करावी, किंवा चार अध्यायांचे फिलिप्पैकरांस पत्र आठवडाभर पुन्हापुन्हा वाचावे. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय तारखेप्रमाणे वाचण्याची रीतही सोयीची आहे. वाचताना हे प्रथम कोणाला सांगितले होते, मागेपुढे काय आहे, हे पाहावे आणि मगच आज आपण काय करायचे ते विचारावे. हा क्रम उलटला की माणूस वचनाच्या तोंडी आपलेच म्हणणे घालतो. म्हणून एकट्याच्या वाचनाला मंडळीतल्या बायबल क्लासची जोड हवी; तिथे कोणीतरी “पुढची ओळ वाचा की” म्हणून थांबवतो.

खंड पडला तर राहिलेले अध्याय एका बैठकीत उरकू नयेत. त्या दिवशीचा भाग घ्यावा आणि पुढे चालावे. काहीजण वाचलेल्या अध्यायाशेजारी पेन्सिलीने तारीख टाकतात. हंगामात तारखांमध्ये दोन-दोन आठवड्यांची फट दिसते, आणि पुढच्या समासात नवी तारीख असते.