फेरीबोटीमागची लाट आणि कर्करोगाचं यंत्र

पणजी-बेती फेरीबोटीत शेजारच्या काकींनी हळूच विचारलं, “ह्यांना कर्करोगासाठी बांबोळीच्या इस्पितळात शेक (किरणोपचार) देतात. नातवाला जवळ घेऊ द्यावं का?”

खुशाल घेऊ द्या! बाहेरून दिलेले क्ष-किरण यंत्र बंद होताच संपतात, अंगात काही उरत नाही. ताट-वाटी वेगळी ठेवणं ही निव्वळ अंधश्रद्धा आहे आणि ती आजारी माणसाला एकटं पाडते. (किरणोत्सारी औषध पोटात दिलं असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील ते पथ्य पाळावं.)

ते किरण येतात लिनॅकमधून, म्हणजे इलेक्ट्रॉनांना सरळ रेषेत वेग देणाऱ्या यंत्रातून. तांब्याच्या पोकळ्यांच्या माळेत सुमारे १० सेंटिमीटर लांबीच्या सूक्ष्मलहरी इलेक्ट्रॉनांना ढकलतात आणि ते टंगस्टनवर आदळले की क्ष-किरण निघतात. मुंबईच्या ‘समीर’ संस्थेने असं यंत्र भारतातच बनवलं. पण तांब्यात मीटरमागे १० कोटी व्होल्टच्या आसपास गेलं की ठिणग्या पडतात. ऊर्जा वाढवायची तर यंत्राची लांबी वाढवावी लागते.

आता फेरीबोटीच्या मागे पाहा. बोट पाणी बाजूला सारते, पाणी परत आत धावतं, लाट उठते. ताजिमा आणि डॉसन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनांना वेग देण्यासाठी हेच प्लाझ्मात (अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूत) सुचवलं. इथे बोट म्हणजे काही फेमटोसेकंदांचा लेसर-स्पंद. (सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एकाचे अब्ज भाग करा, तो एक फेमटोसेकंद.) स्पंद हलक्या इलेक्ट्रॉनांना बाजूला लोटतो, जड धन आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) जागीच राहतात. स्पंदामागे केसाहूनही बारीक, धनभारित बुडबुडा धावू लागतो. त्याच्या शेपटीशी सापडलेल्या इलेक्ट्रॉनला आयन पुढे ओढतात, मागची इलेक्ट्रॉनांची गर्दी पुढे रेटते. हा रेटा तांब्याच्या हजारपट! मात्र बुडबुड्याचा मध्य ओलांडला की ओढ उलटते. प्लाझ्मा विरळ केला तर स्पंदाचा वेग वाढतो, ती वेळ लांबते, पण लाटच दुबळी होते. सगळी कारागिरी या तडजोडीत आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत ३.३ सेंटिमीटरांत १०० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) गाठले गेले.

क्ष-किरणांऐवजी खोलवरच्या गाठीपर्यंत इलेक्ट्रॉनच पोचवायचे, तर १० ते २५ कोटी पुरतात. तरी ‘टेबलावर मावणारं कर्करोगाचं यंत्र’ अशा मथळ्यांवर विसंबू नका. प्लाझ्माची नळी बोटाएवढी असली, तरी लेसरला अख्खी खोली लागते. शिवाय दोन स्पंदांतून निघणारी ऊर्जा थोडी वेगळी पडते, आणि उपचारात प्रत्येक मात्रा आधी मोजलेली, हुबेहूब तशीच लागते. प्रयोगशाळांची झुंज सध्या त्याच फरकाशी आहे.