मोबाइल-अनुकूल संकेतस्थळ

मोबाइल-अनुकूल संकेतस्थळ : फोनच्या छोट्या पडद्यावर दोन बोटांनी मोठे न करता, आडवे न सरकवता वाचता आणि वापरता येणारे संकेतस्थळ. बोलीभाषेत याला ‘मोबाइल फ्रेंडली वेबसाइट’ म्हणतात. वाचकाची सोय हा त्याचा मूळ हेतू. २०१५ पासून मात्र गूगलच्या शोधनिकालांत पान कुठे दिसेल, याच्याशीही हा गुण जोडला गेला.

आयफोन २००७ साली आला तेव्हा बहुतेक पाने संगणकाच्या रुंदीला बेतलेली होती. त्यामुळे फोनवरचा सफारी ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असे धरून ते मांडत असे आणि मग पडद्यात मावेल इतके आक्रसून दाखवत असे. अक्षरे मुंगीएवढी होत. यावरचा उपाय म्हणजे पानाच्या कोडच्या शीर्षभागात लिहायची ‘व्ह्यूपोर्ट’ची एक ओळ. ती असली की ब्राउझर फोनची खरी रुंदी धरतो. ती राहून गेली तर पुढची सारी मांडणी फुकट जाते. मे २०१० मध्ये वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ ही कल्पना मांडली : प्रमाणात ताणली-आवळली जाणारी चौकट, तिच्याबरोबर लहानमोठी होणारी चित्रे आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलणारे नियम. पान एकच, पत्ता एकच, रूपे अनेक. त्याआधी ‘एम’ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर फोनसाठी वेगळे, बहुधा काटछाट केलेले संकेतस्थळ ठेवण्याची रीत होती. आज नवे काम करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

गूगलने २१ एप्रिल २०१५ पासून मोबाइलवरच्या शोधात मोबाइल-अनुकूल पानांना झुकते माप दिले. बदल जगभर, सर्व भाषांत आणि पानागणिक लागू होता. संगणकावरच्या शोधाला तो लागू नव्हता. मजकूर शोधाशी नेमका जुळत असेल तर मोबाइल-अनुकूल नसलेले पानही वर येऊ शकते, हे गूगलने तेव्हाच स्पष्ट केले होते. अनुकूलतेला सर्वस्व मानणाऱ्यांच्या नजरेतून ही गोष्ट सुटते.

त्याहून मूलगामी बदल नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहीर झाला : यापुढे पानाचे मोबाइल रूप हेच त्याचे मुख्य रूप धरून गूगलच्या शोधसूचीत नोंद घेतली जाईल. ही पद्धत २०१८ पासून टप्प्याटप्प्याने आली, जुलै २०१९ पासून नव्या संकेतस्थळांना सरसकट लागू झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने ती पूर्ण झाल्याचे सांगितले. तिचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. फोनवरच्या रूपातून जो परिच्छेद, जे शीर्षक किंवा चित्राचे जे वर्णन गाळले, ते संगणकावर शोधणाऱ्यासाठीही जमेस धरले जात नाही. जागा वाचवण्यासाठी मजकूर घडीत मिटवून ठेवला तर चालते. बटण दाबल्यावरच सर्व्हरकडून येणारा मजकूर मात्र गूगलच्या वाचक-यंत्राला दिसत नाही, कारण ते बटण दाबत नाही.

वेगाचे निकष २०२१ मध्ये क्रमवारीत आले. मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शाला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा (हा निकष मार्च २०२४ पासून) आणि वाचताना मजकूर उड्या मारू नये. निदान ७५ टक्के भेटींत हे साधले पाहिजे. मजकूर झाकून टाकणाऱ्या जाहिरातपट्ट्या जानेवारी २०१७ पासूनच क्रम घसरवू शकतात.

मराठी संकेतस्थळांचा प्रश्न याहून जुना आहे. अनेक वृत्तपत्रांचा मजकूर पूर्वी खास फाँटांच्या संकेतांत साठवलेला असे. फाँट नसला की ओळीच्या ओळी अगम्य चिन्हांच्या दिसत. संगणकावर फाँट उतरवून घेता येई, फोनवर ती सोयच नव्हती. शोधयंत्राला तर हा मजकूर मराठी आहे हेही कळत नसे. युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच संकेत देणाऱ्या पद्धतीने, ही कोंडी फोडली, तरी सूचना आणि परिपत्रके चित्ररूपात किंवा स्कॅन करून चढवण्याची सवय टिकून आहे. असा मजकूर फोनच्या रुंदीप्रमाणे ओघळत नाही आणि शोधात सापडेल याचा भरवसा नसतो.

देवनागरीची स्वतःची मागणीही आहे. जोडाक्षरांमुळे फाँटची फाइल जड होते. म्हणून न लागणाऱ्या जाडीचे फाँट वगळावेत आणि खास फाँट येईपर्यंत फोनमधल्या फाँटमध्ये मजकूर दिसू द्यावा. रोमन लिपीसाठी ठरवलेले ओळींमधले अंतर तसेच ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. ‘महानगरपालिकेकडून’सारखा प्रत्यय लागून लांबलेला शब्द अरुंद बटणात मावत नाही.

गूगलचे मोबाइल-अनुकूलता तपासणारे साधन डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाले. आता क्रोम ब्राउझरमधले लाइटहाउस हे पान तपासणारे साधन आणि संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ सेवेतला वेगाचा अहवाल वापरतात. उकार कापला जातो आहे का, हे मात्र ही साधने सांगत नाहीत. त्यासाठी पान साध्या, स्वस्त फोनवर उघडून डोळ्यांनी वाचावे लागते.