सीएसटी आणि मेलबर्नच्या नकाशांची अदलाबदल झाली होती का?

वर्षानुवर्षं फिरणारा फॉरवर्ड असा: मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनचा नकाशा मुळात मुंबईसाठी होता, टपालात अदलाबदल झाली आणि इथला तिथे बांधला गेला.

गोष्ट खरी वाटते, कारण मेलबर्नच्या त्या लोकल स्टेशनलाही भव्य घुमट आहे. पण आधी तारखा शेजारी ठेवू. मुंबईच्या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि साधारण दहा वर्षांत पुरं झालं. मेलबर्नची नकाशा-स्पर्धा १८९९ ची. ती जिंकली तिथल्याच रेल्वेतल्या दोन कर्मचाऱ्यांनी. इमारत पूर्ण झाली १९१० मध्ये. म्हणजे तिथला नकाशा निवडला गेला तेव्हा आपलं स्टेशन दहा वर्षांहून जास्त काळ उभं होतं. अदलाबदल व्हायला दोन्ही नकाशे एकाच वेळी वाटेत हवेत ना?

आता जागा पाहा. मेलबर्नची इमारत यारा नदीजवळ, स्वॉन्स्टन रस्त्यापासून एलिझाबेथ रस्त्यापर्यंत लांबट, अरुंद पसरलेली: एका टोकाला घुमट, दुसऱ्या टोकाला घड्याळाचा मनोरा. त्या पट्टीला बेतूनच ती आखलेली दिसते.

आणि आपल्याकडचा पुरावा तर रोज डोळ्यांसमोर असतो. सीएसटीच्या फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ आहे: ब्रिटन आणि हिंदुस्थान. दर्शनी भिंतीवर दगडी मोर आहेत. हे कोरीवकाम मुंबईतल्याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेलं. पुढच्या वेळी लोकल पकडण्याआधी दोन मिनिटं रस्त्यापलीकडे थांबून ते जरूर पाहा.