कोरं की क्रूर? 'द न्यू ब्रुटॅलिझम' नावाचे दोन मजकूर

बांधकामाच्या साइटवर एक वाक्य रोज कानावर पडतं : "प्लास्टरमध्ये झाकून जाईल." सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, काढलं आणि कॉलमला हनीकोंब, म्हणजे काँक्रीट नीट न भरल्याने राहिलेली भोकं, दिसलं की हेच. बीमची कड थोडी वाकडी आली, भिंत फोडून टाकलेला पाइप तिरका गेला, तरी हेच. गिलावा आला की सगळ्यांच्या चुका एकदम पोटात घालतो.

रेनर बॅनम या ब्रिटिश समीक्षकाने १९५०च्या दशकात ज्या वास्तुविचाराची बाजू मांडली, त्याला हे वाक्य उच्चारायची सोयच नव्हती. त्या विचाराचं नाव न्यू ब्रुटॅलिझम. आज मात्र 'ब्रुटॅलिझम' म्हटलं की डोळ्यांसमोर येते काँक्रीटची अजस्र, करडी, पावसाने काळवंडलेली इमारत. या दोन गोष्टी एक नव्हेत. घोळ वाढायला आणखी एक कारण आहे. बॅनमने 'द न्यू ब्रुटॅलिझम' याच नावाने दोन मजकूर लिहिले. एक डिसेंबर १९५५च्या 'द आर्किटेक्चरल रिव्ह्यू'मधला लेख, दुसरं १९६६चं पुस्तक. लेखक तोच, नाव तेच, मध्ये अकरा वर्षं. विद्यार्थी निकष लेखातले घेतात, फोटो पुस्तकातले लावतात आणि व्याख्या तिसरीकडूनच आणतात.

आधी शब्दाचं बघू. इंग्रजी 'ब्रूटल'चा अर्थ क्रूर, राकट. फ्रेंच 'ब्र्यूत' म्हणजे प्रक्रिया न केलेलं. फ्रान्समध्ये काम करणारा वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए आपल्या उघड्या काँक्रीटला 'बेताँ ब्र्यूत' म्हणायचा. मराठीत याला 'कच्चं काँक्रीट' म्हणतात ते मला पटत नाही. कच्चं म्हणजे अजून व्हायचं बाकी असलेलं. आपल्याकडे त्याहून नेमका शब्द आहे : कोरं. कोरं कापड, कोरा चहा. पूर्ण झालेलं, पण वरून काही न मिसळलेलं. बेताँ ब्र्यूत म्हणजे कोरं काँक्रीट. आणि गंमत अशी की हा शब्द फक्त काँक्रीटमधून आलेला नाही. स्वीडनमध्ये हान्स आस्प्लुंड या वास्तुरचनाकाराने १९५०मध्ये 'नवब्रुटॅलिस्ट' हे विशेषण थट्टेने वापरलं, ते उप्साला गावातल्या एका विटांच्या घरासाठी.

आता १९५५चा लेख. त्याच्या केंद्रस्थानी जी इमारत आहे ती इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातली हनस्टॅन्टनची शाळा, अ‍ॅलिसन आणि पीटर स्मिथसन या दांपत्याने रचलेली, १९५४मध्ये पूर्ण झालेली. मी या शाळेचे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा चुकीचं पान उघडलं असं वाटलं होतं. काँक्रीटचा डोंगर नाहीच. बारीक पोलादी सांगाडा, मोठाल्या काचा, मध्ये पिवळसर विटांच्या भिंती. दोन मजली, सपाट, हलकी इमारत. मग न्यू ब्रुटॅलिझम कुठे आहे?

तो आत गेल्यावर दिसतो. विटांवर आतूनही गिलावा नाही. मान वर केली तर फॉल्स सीलिंग नाही, स्लॅबचा तळ आणि त्याला पेलणारे पोलादी बीम दिसतात. हात धुण्याच्या बेसिनखालचे पाइप उघडे, विजेच्या नळ्या भिंतीवरून जिथे जायचं तिथे सरळ गेलेल्या. पाण्याची टाकी लपवायची सोडून उंच उभी केली, तीच शाळेची खूण झाली. बॅनमला नेमकं हेच आवडलं : या शाळेत पाणी आणि वीज भिंतीतल्या अनाकलनीय भोकातून उगवत नाहीत, कुठून आली ते डोळ्यांना दिसतं. युद्धकाळात ब्रिस्टलच्या विमान कारखान्यात काम केलेल्या माणसाची नजर आहे ही. पुढे १९६९मध्ये त्याने इमारतींमधल्या हवा, उष्णता आणि उजेडाच्या यंत्रणांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्याचं बीज मला या बेसिनखालच्या पाइपांमध्येच दिसतं.

लेखाच्या शेवटी तो तीन कसोट्या देतो. इमारतीची प्रतिमा मनात ठसली पाहिजे. तिचा सांगाडा स्पष्ट दिसला पाहिजे. साहित्य जसं मिळालं तसं, त्याच्या गुणांसकट, वापरलं पाहिजे. या तिन्हींत 'काँक्रीट' हा शब्द कुठेही नाही. 'अवाढव्य' नाही, 'राकट' नाही. पोलाद आणि विटांची शाळा या कसोट्यांना उतरते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात लुई कान या वास्तुरचनाकाराने बांधलेलं कलादालनही बॅनम याच चर्चेत ओढतो.

१९६६च्या पुस्तकाचं उपशीर्षकच प्रश्न विचारतं : नीती की सौंदर्यदृष्टी? स्मिथसन दांपत्य १९५७मध्ये म्हणालं होतं की ब्रुटॅलिझमचा गाभा नैतिक आहे, शैलीचा नाही. अकरा वर्षांत काय घडलं ते बॅनम पुस्तकात मांडतो, आणि घडलेलं त्याला फारसं सुखावणारं नाही. फ्रान्सच्या मार्सेयमधली ल कॉर्ब्युझिएची १९५२ची वसाहत, पॅरिसजवळची त्याची जाऊल घरं, इंग्लंडमधल्या शेफिल्डची पार्क हिल वसाहत, स्वित्झर्लंडमधल्या बर्नजवळची हालेन वसाहत, जपानमधल्या इमारती असा मोठा पट तो उलगडतो. पान उलटता उलटता लक्षात येतं की जगभरच्या वास्तुरचनाकारांनी मार्सेयचं खरबरीत काँक्रीट उचललं, हनस्टॅन्टनचा प्रश्न मागे राहिला. शेवटी तो सरळ कबूल करतो की नीतीच्या एवढ्या गोष्टी करूनही ही चळवळ सौंदर्याच्या चौकटीबाहेर पडू शकली नाही. स्वतः ज्या गोष्टीचा झेंडा धरला तिच्याबद्दल एवढं स्पष्ट लिहायला हिंमत लागते. बॅनमबद्दल माझ्या मनात आदर आहे तो या पानांमुळे.

दोन्हींतला फरक एका भिंतीवर बघायचा असेल तर लंडनचं बार्बिकन हे घरांचं आणि कलाकेंद्राचं संकुल घ्या. आज ब्रुटॅलिझमवरचा कुठलाही लेख त्याच्या फोटोशिवाय पुरा होत नाही. त्याची काँक्रीटची खरबरीत पृष्ठं साच्यातून तशी निघालेली नाहीत. काँक्रीट ओतलं, पक्कं होऊ दिलं आणि मग कामगारांनी हातातल्या यंत्रांनी ते टोचून काढलं, आतली खडी बाहेर दिसेपर्यंत. पाट्याला टाकी लावतात तसं, पण एकरच्या एकर भिंतींना. काम सुंदर आहे, कष्टाचं आहे. पण ते 'जसं मिळालं तसं' नाही, तो फिनिशच आहे. १९५५च्या कसोटीवर इथे अडखळायला होतं, आजच्या सर्रास अर्थाने मात्र बार्बिकन अस्सल ब्रुटॅलिस्ट. याउलट टेम्सकाठच्या नॅशनल थिएटरच्या भिंतींवर साच्याच्या फळ्यांच्या रेषा आणि लाकडाचे तंतू जसेच्या तसे उमटलेत. तिथे बोट फिरवलं तर सेंट्रिंगची फळी वाचता येते.

आपल्याकडे चंडीगडचं उच्च न्यायालय आणि अहमदाबादची मिल ओनर्स इमारत ही ल कॉर्ब्युझिएच्याच हातची, म्हणजे कोऱ्या काँक्रीटची थेट घराण्यातली उदाहरणं. पण लेखातल्या नीतीचा भारतातला सर्वांत जवळचा नातेवाईक कोण असं मला विचाराल तर मी केरळातल्या लॉरी बेकर या वास्तुरचनाकाराचं नाव घेईन. गिलावा वगळा, पैसे वाचवा, वीट चांगली रचा. तो स्वतःला ब्रुटॅलिस्ट म्हणवत नव्हता आणि त्याच्या विटांच्या जाळ्यांना तसं कोणी म्हणणारही नाही, पण झाकण्यावर खर्च करायचा नाही हा निश्चय तोच. पैसे संपले म्हणून बिनगिलाव्याचं राहिलेलं, वर सळया सोडलेलं घर मात्र या दोन्हींत बसत नाही. तिथे उघडेपणा हा निर्णय नाही, अडचण आहे.

हा नुसता शब्दांचा खल असता तर मी एवढं लिहिलं नसतं. शब्दाचा अर्थ 'क्रूर' ठरला की इमारत पाडणं सोपं जातं. स्मिथसन दांपत्याचीच पूर्व लंडनमधली रॉबिन हूड गार्डन्स ही वसाहत १९७२मध्ये पुरी झाली आणि २०१७पासून पाडायला घेतली. तिचा एक तीन मजली तुकडा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने जतन करायला घेतला आणि २०१८मध्ये त्याचा काही भाग व्हेनिसच्या वास्तुकला बिएनाले या प्रदर्शनात मांडला. तिथे लोकांना त्या वरच्या रस्त्यासारख्या रुंद गॅलरीत उभं राहता आलं. मुलांनी खेळावं, शेजाऱ्यांनी दारात बोलत थांबावं म्हणून ती तेवढी रुंद ठेवली होती.

वाचायला घ्याल तर लेख आधी वाचा, पुस्तक नंतर. उलट वाचलंत तर फोटोच लक्षात राहतील. आणि लेख वाचून झाला की ज्या इमारतीत बसला आहात तिच्या छताकडे बघा, पाइप कुठून आला ते शोधा.