राणीच्या बागेतील जुने रहिवासी

भायखळ्याच्या राणीच्या बागेचे नाव काढले की मुंबईकरांना पेंग्विन आणि वाघ आठवतात. पण आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने ओळखली जाणारी ही बाग मुळात झाडांसाठी उभी राहिली. एका कृषी-उद्यान संस्थेची वनस्पतिबाग आधी शिवडीला होती. ती भायखळ्याला आली आणि १८६२ साली ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ म्हणून लोकांसाठी खुली झाली. पुढे १८७३ मध्ये कारभार पालिकेकडे गेला. पिंजरे आले ते त्याच्याही नंतर, १८९० च्या सुमारास.

या सुमारे ५० एकरांत मला सर्वांत जास्त वेळ थांबवून ठेवतो तो कैलासपती. दक्षिण अमेरिकेतील या वृक्षाची फुले शेंड्याला न येता थेट खोडातून लोंबणाऱ्या देठांवर येतात. सहा जाड, गुलाबी-तांबूस पाकळ्यांच्या मध्ये पिंडीवर नागाने फणा धरावा तशी रचना दिसते आणि त्यामुळेच हे झाड आपल्याकडे देवळांच्या आवारात रुळले. वास्तविक तो फणा म्हणजे पुंकेसरांचाच एक झुबका आहे. फुलात मध नसतो. फण्यातील वांझ पराग हे मधमाश्यांचे खाद्य, आणि ते गोळा करताना खालच्या पुंकेसरांच्या वर्तुळातील सुपीक पराग त्यांच्या पाठीला चिकटतात. तोफगोळ्यासारख्या फळाच्या गराला मात्र अशी घाण येते की फुलाच्या सुगंधावर विश्वास बसू नये.

म्यानमारहून आलेल्या उर्वशी या झाडाची लालभडक, पिवळ्या ठिपक्यांची फुले झुंबरासारखी लोंबतात. उर्वशीची कोवळी पालवीही तपकिरी-जांभळी आणि ओल्या रुमालासारखी लुळी असते. हरितद्रव्य भरत जाते तशी पाने ताठ होतात. उर्वशीला बी फारच क्वचित धरते, म्हणून एकेक झाड मोलाचे.

गोरखचिंचेचे सारेच न्यारे. आफ्रिकेतील या वृक्षाचे मऊ, सच्छिद्र लाकूड पाणी साठवते आणि म्हणूनच त्याचा बुंधा पिंपासारखा फुगलेला दिसतो. त्याची मोठी पांढरी फुले तिन्हीसांजेला उमलतात आणि रात्री फळे खाणारी वटवाघळे त्यांचे परागण करतात. पण तोवर बागेची फाटके बंद झालेली असतात, आणि सकाळी येणाऱ्यांना बुंध्याशी पडलेली, तपकिरी पडू लागलेली फुले तेवढी दिसतात.