चिपमधली गळती: साइड-चॅनल संरक्षण सर्किटपर्यंत कसं पोचलं

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात विहिरीतलं पाणी संपलं की नाही हे पाहायला कुणी आत वाकत नाही. स्टार्टरच्या पेटीवरचा अँपिअर मीटर खाली आला, की मोटर कोरडी चालतेय हे कळतं. एटीएम कार्डातल्या चिपचंही तेच: आत काय चाललंय, ते करंट सांगतो. अशा आडवाटेने बाहेर पडणाऱ्या माहितीलाच साइड-चॅनल म्हणतात.

१९९६ मध्ये संकेतशास्त्रज्ञ पॉल कोचर यांनी चिपला गणिताला लागणाऱ्या नुसत्या वेळेवरून गुप्त किल्ली, म्हणजे माहिती कुलूपबंद करणारा गुप्त आकडा, काढता येते हे दाखवलं. १९९९ मध्ये जॅफ आणि जुन यांच्यासोबत त्यांनी विजेच्या वापराकडे मोर्चा वळवला. पुरवठ्याच्या तारेत छोटा रेझिस्टर घालायचा, त्यावरचं व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, हजारो वेळा नोंदवायचं आणि किल्लीचे अंदाज त्याच्याशी ताडून पाहायचे. एईएस या सर्रास वापरल्या जाणाऱ्या सांकेतिक पद्धतीची १२८ बिटांची किल्ली एकेका बाइटने सुटते, म्हणजे १६ गुणिले २५६, फक्त ४०९६ अंदाज.

सुरुवातीचे उपाय, म्हणजे मध्येच थांबणं किंवा खोटी कामं घुसडणं, तकलादूच होते. नोंदी वाढवल्या आणि जुळवून घेतल्या की ते निष्प्रभ होतात. २००४ मध्ये तिरी आणि फर्बाउव्हेडे यांनी प्रत्येक सिग्नलला दोन तारा दिल्या. दर क्लॉकला, म्हणजे चिपच्या प्रत्येक ठोक्याला, त्यातली नेमकी एकच वर जाते, त्यामुळे वापर सारखा राहतो. पण जागा जवळपास तिप्पट लागते, आणि दोन तारांच्या लांबीत फरक पडला की कपॅसिटन्स (तारेची विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलून गळती परत येते.

दुसरा उपाय मास्किंग: त्यात गुप्त बिट यादृच्छिक बिटाशी एक्सऑर करून (दोन्ही वेगळे असतील तरच १) वाटून टाकतात. कागदावर ते चोख. २००५ मध्ये ते सर्किटमध्ये फसतं हे दिसलं: गेटचे इनपुट मागेपुढे पोचतात, आउटपुट स्थिरावण्याआधी उगाच पलटतं, आणि किती पलटतं हे मूळ गुपितावर ठरतं. हाच ग्लिच. २००६ मध्ये निकोवा, रेखबर्गर आणि रायमेन यांनी तोड काढली. गुणाकारासाठी गुपिताचे किमान तीन वाटे करायचे आणि प्रत्येक उपसर्किटला एक वाटा दाखवायचाच नाही. मग ग्लिच कितीही झाले तरी पूर्ण गुपित कुठल्याच उपसर्किटच्या हाती लागत नाही. मधल्या टप्प्यांवर रजिस्टर (पुढच्या ठोक्यापर्यंत बिट धरून ठेवणारा कप्पा) हवंच, नाहीतर एका टप्प्याचे ग्लिच पुढच्यात शिरतात.



चिप तपासताना ठरावीक आणि यादृच्छिक इनपुटच्या नोंदींवर टी-चाचणी, म्हणजे दोन सरासऱ्यांतला फरक खरा की योगायोग हे पाहणारी संख्याशास्त्रीय चाचणी, लावतात; ४.५ ची मर्यादा ओलांडली की गळती धरायची. त्याआधी मास्किंगला यादृच्छिक अंक देणारं यंत्र मुद्दाम बंद ठेवून, म्हणजे संरक्षण काढून, मोजावं. तेव्हा थोड्याच नोंदींत गळती दिसायला हवी. नाही दिसली, तर चिपला शाबासकी देऊ नये, मोजणारा प्रोब तपासावा.