जाऊबाई आणि जादू

रात्री अकराच्या सुमारास इंदूरच्या सराफ्यात दहीबड्यासाठी उभे होतो. बडेवाल्यानं दह्यानं भरलेला दोना वर भिरकावला, अलगद झेलला आणि एकाच चिमटीतून मीठ, तिखट, जिरं असं एकेक वेगळं सोडलं. दोन मसाले एकमेकांत मिसळले नाहीत. "जादू!" पुतण्या ओरडला. त्याची आई, म्हणजे माझ्या जाऊबाई, शेजारीच होत्या. मला हसू आलं, कारण 'जादू' आणि 'जाऊ' हे एकच शब्द होता होता राहिलेत.

ऋग्वेदात 'यातु' म्हणजे चेटूक. 7व्या मंडलातल्या 104व्या सूक्तात ऋषी शपथ घेतो, की मी यातुधान (चेटूक करणारा) असेन तर आजच मरू दे. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातही 'यातु'च आहे. संस्कृत आणि अवेस्ती भाषा सख्ख्या बहिणी, त्यामुळे यात नवल नाही.

आता गंमत पाहा. प्राकृताच्या वाटेनं मराठीत आलेल्या शब्दात आरंभीच्या 'य'चा 'ज' होतो: यात्रेची जत्रा, यंत्राचं जातं. दोन स्वरांमधला 'त' गळून जातो: भ्राता झाला भाऊ. दिराची बायको ती 'यातृ', तिची झाली जाऊ. याच वाटेनं यातु आला असता, तर त्याचाही 'जाऊ'च झाला असता! (हे जाऊबाईंना रांगेत सांगितलं नाही.)

फारसीतही 'य'चा 'ज' होतो. यकृताचं जिगर, युवनचा जवान. पण तिथं 'त' गळत नाही, 'द' होतो: मातृ-मादर, तसं यातु-जादू. म्हणजे आपल्या 'जादू'तला 'द' इराणी टाकसाळीचा आहे.

इंग्रजी 'मॅजिक'चं मूळही इराणातच. 'मगु' म्हणजे तिथला पुरोहित. इराणचा सम्राट दारियस याच्या बेहिस्तून शिलालेखात, इ.स.पू. 520च्या आसपास, राजपुत्र असल्याची बतावणी करून गादी बळकावणाऱ्या गौमाताला 'मगु' म्हटलंय. ग्रीकांनी त्याचं 'मागोस' केलं आणि या परक्या भटजींचे विधी म्हणजे करणी-भानामती असं ठरवून टाकलं. आपली ती पूजा, दुसऱ्याचं ते चेटूक! तिथून लॅटिन, फ्रेंच करत शब्द इंग्रजीत पोचला.

आपल्याकडे मात्र 'मग' ब्राह्मणांना मान मिळाला. ते मूळचे हेच इराणी मगु, असं बहुतेक अभ्यासक मानतात. इंदूरहून तास-दीड तासावरच्या उज्जैनशी ज्याचं नाव जोडलेलं आहे, त्या ज्योतिषी वराहमिहिरानं 6व्या शतकात बृहत्संहितेत लिहून ठेवलंय: विष्णूची मूर्ती भागवतांनी स्थापावी, सूर्याची मगांनी.